रासेन्यायच्या रस्त्यातला एकटा रणगाडा

श्रोतेहो नमस्कार. जर्मन रणगाडा म्हटलं की आजकालच्या पोरांना लगेच टायगर आठवतो, मोबाईलवरच्या गेममुळे अगदी ओळखीचा झालाय तो. पण जर्मनांनी 1939 ते 1941 मध्ये जी लढाई गाजवली ती टायगरवर नाही, तेव्हा टायगर मैदानात आलाच नव्हता. ती गाजवली हलक्या, पातळ चिलखताच्या गाड्यांवर आणि रेडिओवर. हो, रेडिओवर, हे लक्षात ठेवा.

व्हर्सायच्या तहाने जर्मनीला रणगाडे बनवायची बंदी होती. मग त्यांनी पॅन्झर वन या रणगाड्याचं काम शेतीचा ट्रॅक्टर म्हणून चालवलं, आणि माणसं शिकायला पाठवली थेट रशियात, कझानजवळच्या कामा नावाच्या गुप्त शाळेत, 1929 ते 1933. आपल्याकडे शाळेत त्या तहाची कलमं पाठ करून घेतात पण तो मोडला कसा गेला हे शिकवत नाहीत, आणि माझ्या मते खरा इतिहास तिथेच आहे, असो. 1940 मध्ये फ्रान्सचा ‘शार बी वन’ नावाचा रणगाडा जर्मन गाड्यांपेक्षा चिलखताने भारी होता, पण त्याच्या टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या भागात, एकटा माणूस, त्यानेच बघायचं, त्यानेच तोफ भरायची आणि त्यानेच डागायची. जर्मनांच्या पॅन्झर तीन आणि चारमध्ये या कामाला तिघे, आणि जवळपास प्रत्येक गाडीत रेडिओ, निदान ऐकण्यापुरता तरी.

आता तो किस्सा, जो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जून 1941, लिथुआनिया, रासेन्याय गाव, दुबिसा नदी. जर्मनांची सहावी पॅन्झर डिव्हिजन, म्हणजे रणगाड्यांची मोठी फौज, नदी ओलांडून पुढे गेलेली, त्यांच्याकडे मुख्यतः चेक बनावटीचे 35टी रणगाडे, वजन जेमतेम 10 टन, तोफ 37 मिलिमीटरची. आणि त्यांच्या पाठीमागच्या एकमेव रस्त्यावर एक रशियन केव्ही रणगाडा येऊन उभा राहिला, 40 टनांहून जड. एकटाच. मागून रसद घेऊन ट्रक आले, 12 ट्रक, सगळे जाळले. पुढे अडकलेल्या सैन्याला रसद नाही, जखमींना मागे नेता येईना. मग जर्मनांनी 50 मिलिमीटरच्या तोफा झाडीतून लपत लपत जवळ नेल्या आणि गोळे मारले, लागले सुद्धा, पण आत काही शिरेना, आणि केव्हीने शांतपणे टरेट फिरवून तोफाच उडवल्या. मग आणली 88 मिलिमीटरची विमानविरोधी तोफ, जळक्या ट्रकांच्या आडून, केव्हीने ती जवळ येऊ दिली आणि मग तीही उडवली. रात्री स्फोटकं घेऊन इंजिनिअर तुकडीचे जवान सरपटत गेले, त्यांनी सुरुंग लावले, स्फोट झाला, पट्टा थोडा तुटला, पण रणगाडा जिवंतच.

दुसऱ्या दिवशी जर्मनांनी डोकं चालवलं. हलके रणगाडे झाडीत पसरवले, वेगवेगळ्या बाजूंनी केव्हीला भुलवत ठेवलं, आणि तो तिकडे तोफ फिरवत असताना दुसरी 88 मागून आणून लावली. गोळ्यांवर गोळे मारले, त्यातले फक्त दोन आत शिरले. दोन! सैनिक कौतुकाने रणगाड्यावर चढले, तर तोफेची नळी परत हलायला लागली, तेव्हा एकाने भोकातून हातबॉम्ब आत टाकले आणि मग सगळं थांबलं. आतल्या रशियनांना जर्मनांनी लष्करी मानाने पुरलं. जर्मन सैन्यातल्या कर्नल राउस या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने हे लिहून ठेवलंय, आणि शत्रूच्या शौर्याला असा मान देणारा माणूस मला फार मोठा वाटतो, आपल्याकडेही हे जास्त व्हायला हवं.

बघा, तिथे जिंकवलं कोणी? चिलखताने नाही, एकमेकांशी बोलत केलेल्या हालचालींनी. पण जर्मनीत धडा वेगळाच घेतला गेला. रशियाचे केव्ही आणि टी-34 रणगाडे बघून जाड चिलखताची आणि मोठ्या तोफेची घाई सुटली. टायगरचं काम आधीच सुरू होतं, ते रेटलं, 57 टनांचा रणगाडा ऑगस्ट 1942 मध्ये लेनिनग्राडजवळ उतरवला आणि पहिल्याच मोहिमेत गाड्या बिघडल्या. त्याची चाकं एकमेकांत अडकवून बसवलेली, कपाटातला मागचा डबा काढायला पुढचे सगळे डबे ओट्यावर काढावे लागतात तसं आतलं चाक बदलायला बाहेरची आधी काढायची, आणि रशियातल्या थंडीत त्यात चिखल गोठायचा तो वेगळाच. पॅंथर या दुसऱ्या जर्मन रणगाड्याचं तेच, जुलै 1943 मध्ये रशियातल्या कुर्स्कला 200च्या आसपास आणले आणि थोड्याच दिवसांत लढायला मोजकेच उरले, काही गोळ्यांनी, काही सुरुंगांनी, बरेच इंजिनाच्या बिघाडाने. टायगर बनले जेमतेम 1,350, अमेरिकेने आपले शर्मन रणगाडे बनवले 49 हजारांच्या आसपास. मैदानात दुरुस्त होते ती गाडी चांगली, हे मी सगळ्या यंत्रांबद्दल म्हणेन, मिक्सरपासून एसटीपर्यंत.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर आपल्या नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, 1994 मध्ये सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे, तिथे जर्मन बनावटीची चिलखती गाडी सुद्धा आहे. पोरांना घेऊन जा आणि चाकांपाशी थोडा वेळ थांबा. नमस्कार.