सरकी काढणारी बोटं

(दृश्य: सकाळ. ओसरीवर बाज. कॅमेरा आबाजींच्या उजव्या हातावर.)

यवतमाळ जिल्ह्यातलं एक खेडं. आबाजींचा हात मांडीवर टेकलाय आणि अंगठा तर्जनीवर सारखा फिरतोय. बोंडातल्या कापसातून सरकी काढावी तसा. कापूस मात्र हातात नाही. चहाची बशी उचलली की हीच बोटं बरीचशी निवतात. हात टेकला की पुन्हा सुरू. पार्किन्सन या मेंदूच्या आजारातला कंप बहुधा असाच, हात रिकामा असला की जास्त.

सूनबाई सांगतात, "मामाजीचा हात तं आता आता हालाले लागला जी. पोट साप होत नाई, हे मातर धा-बारा वर्सांपासून चालू हाये."

या दुसऱ्या तक्रारीकडे घरात कुणी फारसं पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कोण? पोट कुणाचं बिघडत नाही! आणि बद्धकोष्ठ असलेल्या प्रत्येकाला हा आजार होतो, असंही नाही. पण पार्किन्सनच्या पुष्कळ रुग्णांत हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी पोट कुरकुरलेलं असतं. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं वर्णन लिहिलं, त्यातही बद्धकोष्ठाची नोंद आहे.

२००३ मध्ये जर्मनीच्या हायको ब्राक यांनी एक तर्क मांडला: निदान काही जणांत तरी आजाराची सुरुवात आतड्याच्या मज्जातंतूंत होत असावी. अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या तिथे होतात आणि पोटाला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस नसेनं वर चढतात. वाद अजून मिटलेला नाही.

(दृश्य: चुलीवर ज्वारीची भाकर फुगते.)

आतड्यातल्या जिवाणूंचा यात हात आहे का? २०१६ मध्ये अमेरिकेत, हे प्रथिन जास्त तयार करणारे उंदीर पूर्ण जंतुमुक्त वाढवले गेले. त्यांच्या हालचाली कमी बिघडल्या. पार्किन्सनच्या रुग्णांच्या विष्ठेतले जिवाणू पोटात सोडल्यावर मात्र जास्त बिघडल्या. निरोगी माणसांच्या जिवाणूंनी तेवढं झालं नाही.

भाकरीतला चोथा आपल्याला पचत नाही, तो जिवाणूच खातात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात. आतड्याच्या अस्तराचं ते खाद्य. म्हणजे भाकर खा, मेंदू वाचवा? इतकं सरळ नाही बाप्पा. त्याच प्रयोगात जंतुमुक्त उंदरांना अशी आम्लं दिली, तर लक्षणं वाढली.

औषधाचा रस्ताही पोटातूनच जातो. पार्किन्सनवरची लेव्होडोपाची गोळी आतड्यात शोषली जाते, आणि वरण-डाळीतली प्रथिनं तिथे तिच्याशी रेटारेटी करतात. शिवाय एंटेरोकोकस फीकॅलिस हा जिवाणू गोळीतलं औषध आतड्यातच डोपामिनमध्ये बदलू शकतो. डोपामिन म्हणजे हालचालींसाठी मेंदूला लागणारं रसायन, पण आतड्यात बनलेलं डोपामिन मेंदूत शिरत नाही. म्हणून या घरात आधी गोळी, मग अर्ध्या तासानं जेवण.

(दृश्य: ताट वाढलेलं, झाकलेलं.)

"झाला काय वं अर्धा घंटा?"

सूनबाई मोबाइलकडे बघतात. "धा मिंटं हायेत, मामाजी."

आबाजी हात पुन्हा मांडीवर ठेवतात. अंगठा फिरायला लागतो.