गिरणेच्या पात्रातली इंटर्नशिप

खड्ड्यात उतरलेला मुलगा चांगला उंच आहे, तरी काठावरून त्याचा टेप धरलेला हातच दिसतो. वरची मुलगी आकडा मोठ्याने वाचते, दुसरी वहीत लिहिते. ही जळगावची विधी शाखेची मुलं. गिरणेच्या पात्रात त्यांची इंटर्नशिप चालली आहे.

तीन वर्षांच्या एलएलबीला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. बार कौन्सिलचा २००८ चा नियम आहे. बहुतेकांचे हे आठवडे कोर्टाच्या आवारात फायली उचलण्यात जातात. पर्यावरण कायदा शिकायचा तर या वाळूत उतरायला हवं.

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वाळूचा उपसा तीन मीटरच्या खाली जाता कामा नये. म्हणून हा टेप. फोटोत टेपवरचा आकडा, तारीख, अक्षांश-रेखांश, सगळं आलं पाहिजे. खड्डा वाळूच्या लिलावात दिलेल्या घाटात, म्हणजे उपशाला परवानगी असलेल्या पट्ट्यात आहे की बाहेर, ते नकाशाशी ताडून बघायचं. पर्यावरण मंजुरीची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा.

पुढे नाल्यातून काळं सांडपाणी नदीत येतंय. एकीने बाटली भरायला घेतली, तेवढ्यात सोबत आलेल्या वकीलताईंनी थांबवलं. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २१. प्रदूषण मंडळाने ठरलेल्या पद्धतीने घेतलेला नमुनाच पुरावा म्हणून टिकतो. आपण लेखी तक्रार द्यायची आणि नमुना त्यांना घ्यायला लावायचा.

काठावरचे आजोबा म्हणतात, "विहिरनं पानी खाल गयं." या एका वाक्याचं प्रतिज्ञापत्र होईपर्यंत दुपार सरते. दोर सोडून पाण्याची पातळी मोजली जाते, सातबारा बघितला जातो, आणि अंगठा उमटवण्याआधी सगळा मजकूर आजोबांना अहिराणीत सांगितला जातो. ही शेवटची पायरी मुलं एकदाही गाळत नाहीत.

वाळू उपसली की विहिरींचं पाणी खाली जातं. विहिरी आटल्या की टँकर येतो, केळी सुकते.

पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात वाद न्यायचा तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. त्यामुळे मुलं घरोघर एकच विचारतात, उपसा कधी सुरू झाला? कुणी होळीपासून म्हणतं, कुणी त्यानंतरच्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून. वहीत दोन्ही लिहिलंय. मुदत होळीपासूनच मोजायची, असं ठरलंय.