आजोबांच्या कॅसेटमधली श्रुतिका आणि तुमच्या कानातले इअरफोन

नमस्कार मंडळी, आज आधी एक वस्तू दाखवते. ही बघा. (कॅसेट कॅमेऱ्यासमोर धरते.) ६० मिनिटांची कॅसेट आहे, वर आजोबांच्या अक्षरात शाईच्या पेनाने फक्त 'श्रुतिका', म्हणजे रेडिओवरचं नाटक, एवढंच लिहिलंय, आणि बी साइडला 'भजनं' लिहून खोडलंय. नारायण पेठेतला आमचा वाडा रिकामा करताना माळ्यावरच्या एका पत्र्याच्या डब्यात सापडली. आजोबा काय करायचे, रेडिओच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचे, वायर वगैरे काही नाही, सरळ समोर ठेवून बटण दाबायचं, आणि मग घरातल्या सगळ्यांना अर्धा तास गप्प बसवायचे.

तर ह्या श्रुतिकेत साधारण अकराव्या मिनिटाला एक बाई नवऱ्याचं पत्र मोठ्याने वाचते, आणि वाचता वाचता मागे कुकरची शिट्टी होते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती बाई अगदी समोर दिसली, ओट्याला टेकून उभी आहे, हात ओला आहे म्हणून पत्र दोन बोटांत धरलंय, खिडकीतून थोडा उजेड येतोय. आईला ऐकवलं तर ती म्हणाली, अगं ती नाटकातली शिट्टी नाही, ती आपल्या कुकरची, तुझी आज्जी आत भात लावत होती.

म्हणजे विचार करा, त्या नाटकात स्वयंपाकघर नव्हतंच! एका शिट्टीवर ओटा, खिडकी, ओला हात सगळं मीच उभं केलं. लेखकाने नाही, दिग्दर्शकाने नाही. आजचा अख्खा व्हिडिओ ह्याच गोष्टीवर आहे, रेडिओवरच्या नाटकाला ऐकणाऱ्याकडून हे काम करून घेता यायचं, आणि ते कसं करून घ्यायचे हे आज आपल्याला परत शिकायची फार गरज आहे असं मला मनापासून वाटतं.

गरज का म्हणते ते सांगते. आज्जीला शेवटची पाच-सहा वर्षं काचबिंदूमुळे जवळजवळ दिसत नव्हतं. संध्याकाळी घरात टीव्हीवर सिरीयल लागायची आणि ती सोफ्याच्या कडेला बसून ऐकायची, आणि दर दोन मिनिटांनी विचारायची, 'आता काय झालं गं? कोण आलं?' कारण सिरीयलमध्ये काय होतं, धडाम करून म्युझिक वाजतं आणि मग एकेकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवतात, कोणी काही बोलत नाही, म्हणजे आज्जीसाठी तेवढा वेळ नुसता गोंगाट. मग आम्ही तिला ही कॅसेट लावून दिली. एकदाही 'कोण आलं' विचारलं नाही. उलट मध्येच म्हणाली, 'हा माणूस खोटं बोलतोय.' आणि तो खोटंच बोलत होता, पण नाटकात ते दहा मिनिटांनी कळतं! आज्जीला त्याच्या श्वासावरून कळलं होतं.

आता थोडं मागे जाऊ. ऐकण्यासाठीच लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून ज्याचं नाव घेतात ते बीबीसीवर १५ जानेवारी १९२४ ला झालं, रिचर्ड ह्यूज नावाच्या २३ वर्षांच्या मुलाने लिहिलेलं. ह्या मुलाने काय डोकं लावलं बघा. रेडिओवर दिसत नाही ही अडचण आहे ना, मग त्याने नाटक घडवलंच कोळशाच्या खाणीत, आणि सुरुवातच होते खाणीतले दिवे जाण्यापासून. पात्रांनाही काही दिसत नाही, ऐकणाऱ्यालाही दिसत नाही, दोघं एकाच अंधारात. ऐकणाऱ्यांना घरातले दिवेही घालवून बसायला सांगितलं होतं. मला हे प्रचंड आवडतं, कारण पहिल्याच झटक्यात त्याने सांगून टाकलं की हे स्टेजवरच्या नाटकातून चित्र वजा करून उरलेलं काहीतरी नाहीये, हा वेगळाच प्रकार आहे.

आपल्याकडे ह्याला किती सुंदर शब्द आहेत, नभोनाट्य आणि श्रुतिका. पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला, आणि त्या काळात आकाशवाणीत नोकरीला कोण कोण होतं तर पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर. १९५५ च्या रामनवमीला ह्याच पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके, ५६ गाणी, वर्षभर. ते गीतांचं आहे हे मान्य, पण नीट ऐका, प्रत्येक गाणं एका पात्राच्या तोंडी आहे, ते पात्र कुठेतरी उभं आहे, समोर कोणीतरी आहे. म्हणजे ते नाटकच आहे की! आणि मुंबई केंद्रावरची 'पुन्हा प्रपंच' ही कौटुंबिक श्रुतिका, त्यातले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत, आमच्या घरात आई-आज्जी ह्यांच्याबद्दल शेजारपाजारचे असल्यासारखं बोलायच्या. नीलम प्रभू, बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी हे आवाज. चेहरा माहीत नसताना आवाजावर इतकं प्रेम! हिंदीत विविध भारतीवर हवामहल होतंच, पंधरा मिनिटांत गोष्ट पूर्ण.

बरं, आता मला ज्यासाठी हा व्हिडिओ करायचा होता तो भाग. हे लोक करायचे कसं?

पहिलं म्हणजे माइकपासूनचं अंतर. सिनेमात कॅमेरा जवळ जातो, लांब जातो, रेडिओत ते काम नट स्वतः करतो. माइकला चिकटून बोललं की ते मनातलं वाटतं, हातभरावरून बोललं की गप्पा, आणि लांबून बोलत बोलत माइककडे चालत आलं की तो माणूस 'आत आला'. कुणी आत आलं हे सांगावंच लागत नाही. जुन्या रिबन माइकची तर गंमतच आहे, तो पुढून आणि मागून ऐकतो पण बाजूने जवळजवळ बहिरा असतो, त्यामुळे दोन नट समोरासमोर एकाच माइकवर बोलू शकायचे, आणि एखाद्याला लांब जायचं असेल तर खोलीच्या टोकाला पळायची गरज नाही, एक पाऊल बाजूला सरकलं की तो थेट अंगणात. एक पाऊल! आणि हातातल्या स्क्रिप्टचे कागद सुटे, टाचणी नाही, स्टेपल नाही, कारण पान उलटल्याचा आवाज झाला की गेलं सगळं.

मग आवाज. करवंट्या आपटून घोडा, सेलोफेनचा कागद चुरगळून आग, पातळ पत्रा हलवला की गडगडाट. मी परवा घरी सुपात दोन मुठी मूग घेतले आणि अगदी सावकाश एका बाजूने दुसरीकडे ओघळू दिले, फोन जवळ धरून रेकॉर्ड केलं. ऐका. (आवाज.) समुद्र आहे हा, आणि सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर! पण एक सांगते, करवंट्या-सूप ही मजा आहे, खरी कमाल ती नाही. खरी कमाल शांततेची आहे.

३० ऑक्टोबर १९३८, अमेरिकेत सीबीएस रेडिओवर ऑर्सन वेल्स नावाच्या नट-दिग्दर्शकाने मंगळावरून आक्रमण होतं ती श्रुतिका केली. सगळा देश घाबरून रस्त्यावर आला वगैरे आपण ऐकतो, त्यातलं पुष्कळ नंतर पेपरवाल्यांनी फुगवलेलं आहे. पण त्यातली एक जागा मात्र खरंच अंगावर येते. बातमीदार घटनास्थळावरून बोलतोय, मागे लोकांचा आरडाओरडा, आणि बोलता बोलता मध्येच आवाज तुटतो. आणि मग काही सेकंद काहीच नाही. ना म्युझिक, ना निवेदक. त्या बातमीदाराचं काम करणाऱ्या नटाने तयारीसाठी काय ऐकलं होतं, तर आदल्या वर्षी हिंडेनबर्ग हे गॅस भरून तरंगणारं अवाढव्य हवाई जहाज पेटलं तेव्हा तिथे हजर असलेल्या खऱ्या बातमीदाराचं रेकॉर्डिंग, ते पुन्हा पुन्हा. स्टेजवर सात सेकंद काही झालं नाही तर प्रेक्षक खोकायला लागतात, रेडिओत तेच सात सेकंद तुमच्या घरात पसरतात.

आणि आता लिखाण. हे मी नाटकवाल्या मुलांसाठी जरा सावकाश सांगते. समजा सीन असा आहे, रात्रीची वेळ, पाऊस, मुलगा बऱ्याच दिवसांनी घरी आलाय, दार आई उघडते. नवखा माणूस रेडिओसाठी असं लिहितो, 'अरे सुधीर! तू इतक्या रात्री, एवढ्या पावसात, हातात बॅग घेऊन इथे कसा?' माहिती सगळी आली, पण कुठली आई असं बोलते? आता हे ऐका. आधी कडी निघते. मग थोडा वेळ फक्त पाऊस. मग आई, 'थांब, उंबऱ्यावरच थांब.' पावलं आत जातात, परत येतात. 'हं, डोकं पूस आधी.' पुन्हा पाऊस. आणि मग, 'बॅग खाली ठेव की. हातात काय धरून उभा राहिलायस, लगेच परत जायचंय का?'

बघा, तो भिजलाय हे टॉवेलने सांगितलं, बॅग आली, रात्र तर त्या कडीच्या आवाजातच आहे, आणि मागच्या वेळी तो भांडून निघून गेला होता हे कुणीही न बोलता आलं. शेवटच्या वाक्यात राग आहे की भीती, हे तुम्ही ठरवायचं. मुलगा अजून एक शब्द बोललेला नाही तरी तो तुम्हाला दिसतोय ना?

आताच्या बऱ्याच ऑडिओ सिरीज मी ऐकते, बसमध्ये, भाजी निवडताना, रात्री झोपताना, आणि मला वाईट ह्याचं वाटतं की पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत खाली म्युझिक चालू असतं. एक सेकंद मोकळा सोडत नाहीत. वर निवेदक सांगतो, 'तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला खूप एकटं वाटत होतं.' अरे, मग मी काय करू? माझ्यासाठी काही ठेवलंच नाही! हे करणाऱ्यांकडे आज जी साधनं आहेत ती त्या काळात कुणी स्वप्नातही बघितली नसतील, ऐकणाऱ्याच्या दोन्ही कानांत इअरफोन आहेत, म्हणजे कुजबुजसुद्धा जशीच्या तशी पोचेल. आजोबांच्या रेडिओला तर खरखरीतून वाट काढावी लागायची. एवढी जवळची जागा मिळालीय आणि आपण तिथे उभं राहून ओरडतोय.

आणि पुण्यात तर हे व्हायलाच पाहिजे. दरवर्षी पुरुषोत्तम करंडकासाठी भरत नाट्य मंदिरात किती एकांकिका होतात, किती मुलं लिहितात, पोरं रात्र रात्र तालमी करतात, आणि स्पर्धा संपली की ती संहिता फायलीत जाते. त्यातल्या दोन पात्रांच्या, एका खोलीत घडणाऱ्या कितीतरी गोष्टी अशा आहेत की ज्यांना सेट नको, लाईट नको, हॉलचं भाडं नको. एक फोन, कपड्यांनी भरलेलं एक कपाट आणि दोन गोधड्या. कपाट उघडं ठेवून त्यात तोंड घालून बोला, घुमणार नाही. फक्त एक करा, एकांकिका तशीच्या तशी वाचू नका, कान समोर ठेवून परत लिहा. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय सोडायला मात्र वेळ लागतो, आमच्या दोघा नटांना चार दिवस लागले.

अजून एक कळकळीने सांगायचंय. सिनेमासाठी पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आहे, १९६४ पासून. रेडिओवरच्या नाटकांचं नशीब तेवढं चांगलं नाही. सुरुवातीला पुष्कळ गोष्टी थेटच प्रसारित व्हायच्या, रेकॉर्ड व्हायच्याच नाहीत, आणि टेप महाग असल्याने एकावर दुसरं रेकॉर्ड करणं ही तर जगभरची रीत होती. त्यामुळे तुमच्या माळ्यावर, कुणाच्या आजोबांनी अशीच स्पीकरसमोर टेप ठेवून भरलेली कॅसेट असेल, तर कदाचित ती एकच प्रत असेल. ती टाकू नका. आणि लगेच प्लेअरमध्येही घालू नका. आधी उजेडात धरून बघा, रिळावर पांढरे ठिपके असतील तर ती बुरशी आहे, ती जाणकाराकडूनच साफ करून घ्या. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लॅस्टिकचे पापुद्रे असतात ते मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, आणि वायर लावून लॅपटॉपवर घ्या. आणि घरातले आवाज, कुकर, दारावरची बेल, कुणाचं तरी खोकणं, ते साफ करू नका. आमच्या कॅसेटमधली शिट्टी मी तशीच ठेवलीय, आज्जीचा तो एकच आवाज आमच्याकडे आहे.

आता तो आई आणि सुधीरचा सीन आम्ही कपाटात बसून रेकॉर्ड केलाय, तीन मिनिटांचा आहे. स्क्रीन काळी होईल. सुरुवातीला आठ सेकंद काहीही ऐकू येणार नाही, फोन बिघडलेला नाहीये, थांबा. मी खोलीतला दिवा घालवतेय, तुम्हीही घालवा.

(बटणाचा आवाज. अंधार.)