झोप आणि अनोळखी माणूस : लेकरांच्या फोनबद्दल पालकांशी

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त अमेरिकेतल्या मराठवाडेकरांच्या मेळाव्यात, पालकांसाठी ठेवलेल्या सत्रातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी.

जेवणाआधीची वेळ मला मिळाली आहे, आणि मागून खमंग वास सुटलाय, तेव्हा मुद्द्यावर लवकर येतो. एक योगायोग मात्र सांगतो. इन्स्टाग्रामने अठराच्या आतल्या मुलांसाठी 'टीन अकाउंट' जाहीर केलं ते २०२४ च्या १७ सप्टेंबरलाच. आपल्या मुक्तिदिनाशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण तारीख लक्षात राहायला बरी.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "रोज किती वेळ फोन द्यायचा?" या प्रश्नाचं उत्तर घड्याळाकडे मागितलं की फसगत होते. परभणीच्या मामेबहिणीबरोबर मिळून दोन तास व्हिडिओ जुळवत बसलेली मुलगी आणि अंथरुणात पडून दोन तास रील्स सरकवणारा मुलगा, घड्याळाला दोघं सारखेच. शिवाय पालकांचीही ताकद किती? सगळीकडे पहारा द्यायला गेलं की कुठेच नीट दिला जात नाही. म्हणून माझं सांगणं असं : दोन जागी कडक राहा, रात्रीची झोप आणि अनोळखी माणसाचा मेसेज. बाकी ठिकाणी दोर सैल सोडा.

दोर म्हटलं की आपल्याला विहीर आठवते. गावाकडे पोहायला विहिरीतच शिकवतात. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, काठावर काका. लेकरू बुडेल म्हणून कुणी विहीर बुजवत नाही, आणि दोर न बांधता त्याला ढकलूनही देत नाही.

आधी फायद्याचं बोलू, कारण पालकांच्या सत्रात ते कुणी बोलत नाही आणि मग लेकरं आपलं बाकीचंही ऐकत नाहीत. प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये अमेरिकेतल्या १३ ते १७ वयाच्या मुलांना विचारलं, तेव्हा ८० टक्के मुलं म्हणाली की सोशल मीडियामुळे मित्रांच्या आयुष्यात काय चाललंय ते कळत राहतं. ६७ टक्क्यांना अडचणीच्या वेळी पाठीशी कुणीतरी आहे असं वाटतं. आपल्या मुलांच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. शाळेत मराठी बोलणारं दुसरं कुणी नाही, पण हिंगोलीच्या आत्येभावाच्या स्टोरीवर त्याची बोली कानावर पडते. 'काहून', 'लेकरू' हे शब्द पुस्तकातून येत नसतात. तिकडेही हेच. बीड जिल्ह्यातून आई-बाप ऊसतोडीला गेले की लेकरू आजीजवळ राहतं, आणि कितीतरी दिवस आईचा चेहरा त्याला फोनवरच दिसतो. फोन वाईट असं एका दमात म्हणणं आपल्याच माणसांना शोभत नाही.

"लातूरला शिकवणीला असलेली तुझी बहीण बघ, साधा बटणांचा फोन वापरते," हा दाखला मात्र देऊ नका. तिकडे वसतिगृहातल्या सगळ्याच मुलींकडे तसाच फोन असेल तर कुणी एकटी पडत नाही. इथे फुटबॉलच्या सरावाची बदललेली वेळ, गटाचा प्रकल्प, वाढदिवसाचं बोलावणं, सगळं ग्रुपवर येतं. एकट्याच मुलाचा फोन काढून घेतला तर तो वर्गाबाहेर उभा राहिल्यासारखा होतो. फोन उशिरा द्यायचा असेल तर जरूर द्या, पण त्याच वर्गातल्या तीन-चार घरांनी मिळून ठरवा.

आता झोप. १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते, असं इथल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे. फोन ती दोन वाटांनी खातो. एक म्हणजे सरळ वेळ जातो : रील्सना शेवटचं पान नसतं, एक संपलं की दुसरं आपोआप पुढे येतं, आणि 'आता पुरे' म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. दुसरी वाट म्हणजे वाट बघणं. मेसेज टाकलाय, समोरच्याने बघितलाय, उत्तर नाही. दिवा बंद असला तरी मन जागं राहतं.

अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबद्दल देशाला सल्ला देणारे सरकारी डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये सोशल मीडिया आणि मुलांचं मानसिक आरोग्य यावर सूचनापत्र काढलं. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त वेळ सोशल मीडियावर घालवणाऱ्या मुलांत नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट दिसतो, असा आकडा त्यात आहे. तो वाचताना एक भान ठेवा. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली असं नसतं. आधीच उदास असलेलं मूलही फोनमध्ये जास्त शिरतं. झोपेचं मात्र तसं नाही. झोप गेली की चिडचिड आणि अभ्यासातला गोंधळ आठवड्याभरात घरातल्या सगळ्यांना दिसतो. म्हणून पहिला पहारा तिथे.

करायचं काय? साडेनऊला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात एका जागी चार्जिंगला. सगळे म्हणजे आई-बाबांचेही. गजरासाठी दहा-पंधरा डॉलरचं साधं घड्याळ आणा, नाहीतर "गजर लावायचाय" या एका वाक्यावर नियम मोडतो. पहिल्या दोन आठवड्यांत काय बिघडतं तेही सांगतो. कपाटातला जुना फोन सिम नसतानाही वायफायवर चालतो, तो शोधून काढा. शाळेचा लॅपटॉप खोलीत राहतो आणि त्याच्यावर ब्राउझरमधून सगळं उघडतं. इन्स्टाग्रामच्या टीन अकाउंटवर रात्री १० ते सकाळी ७ 'स्लीप मोड' असतो, पण तो सूचना गप्प करतो आणि मेसेजना आपोआप उत्तर देतो, एवढंच. ॲप उघडायचं म्हटलं तर उघडतं. रात्री ते बंदच राहावं असं वाटत असेल तर पालकांच्या देखरेखीच्या सेटिंगमध्ये जाऊन वेळ ठरवावी लागते.

आणि एक कारण आपलं घरचं आहे. न्यू जर्सीत उन्हाळी वेळेनुसार रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा नांदेडला सकाळचे साडेसात वाजलेले असतात. म्हणजे आपली लेकरं झोपायला जातात नेमकं तेव्हा फॅमिली ग्रुपवर फुलं, सूर्य आणि सुविचार उगवतात. त्यामागे व्हिडिओ कॉल. आजी-आजोबांना दोष नाही, त्यांची तर सकाळ आहे. मुलाच्या फोनवर तो ग्रुप कायमचा म्यूट करा आणि बोलण्याची वेळ ठरवून टाका. शनिवारी सकाळी इथले नऊ, तिकडे संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरमध्ये इथलं घड्याळ तासभर मागे गेलं की तिकडे साडेसात होतात, एवढं त्यांना आधी सांगून ठेवा.

दुसरा पहारा, अनोळखी माणूस. इथे जरा थांबतो, कारण आपल्या घरांत याबद्दल तोंड उघडलं जात नाही.

लैंगिक चित्रांवरून पैसे उकळण्याचा हा प्रकार कसा चालतो ते नीट समजून घ्या. एका मुलीच्या नावाचं खातं मुलाला फॉलो करतं. शाळेतल्या दोन-चार पोरांनी तिला आधीच स्वीकारलेलं असतं, त्यामुळे 'ओळखीची असेल' असं वाटतं. गोड बोलणं होतं आणि गप्पा दुसऱ्या ॲपवर नेल्या जातात. तिकडून आधी एक फोटो येतो, मग "तूही पाठव." पाठवला की काही मिनिटांत सूर बदलतो. मुलाच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो : पैसे दे, नाहीतर हा फोटो या सगळ्यांना. पैसे गिफ्ट कार्डावर किंवा पैसे पाठवायच्या ॲपवर मागतात. यात बहुतेक वेळा १४ ते १७ वयाचे मुलगे सापडतात असा एफबीआयचा इशारा आहे. 'आपल्याला मुलगी नाही, आपण सुटलो' असं कुणी समजू नये.

खातं खासगी ठेवण्याचं खरं कारण इथे कळतं. खासगी खात्याची फॉलोअर्सची यादी बाहेरच्याला दिसत नाही आणि धमकीचं हत्यारच तर ती यादी असते. पण अनोळखी विनंती एकदा स्वीकारली की यादी उघडी पडते. म्हणून मुलाबरोबर बसून यादी चाळा आणि एकेका नावाला एकच प्रश्न विचारा : "याला तू प्रत्यक्ष भेटलायस का?"

समजा, घडलंच. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. संभाषण पुसू नका. समोरच्याचं खात्याचं नाव, धमकीचे मेसेज, पैसे मागितलेला क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घ्या, ॲपवर तक्रार करा आणि मग ब्लॉक करा. आधीच चॅट पुसली तर हातात पुरावा राहत नाही. मुलाचा तो फोटो मात्र 'पुरावा' म्हणून स्वतःकडे, भाऊजींकडे, ओळखीच्या पोलिसाकडे पुढे पाठवू नका. अल्पवयीनाचं तसं चित्र बाळगणं आणि पाठवणं इथेही गुन्हा आहे आणि भारतातही. इथे एफबीआय आणि एनसीएमईसी ही बालसंरक्षण संस्था तक्रार घेतात. भारतात १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक आणि १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे. एनसीएमईसीची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा दोन्हीकडे चालते. तिथे फोटो कुणाला पाठवावा लागत नाही; आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडेरूपी ठसा तयार होतो, आणि त्यात सहभागी असलेल्या कंपन्या तो ठसा जुळवून फोटो उतरवतात. व्हॉट्सॲपसारख्या कुलूपबंद गप्पांमधून फिरणारा फोटो मात्र यात पकडला जात नाही.

एआयने बनवलेल्या खोट्या नग्न चित्रांनाही हीच पद्धत लागू. इथे मे २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने, तक्रार आल्यापासून ४८ तासांत अशी चित्रं काढण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं आहे.

आणि त्या रात्री मुलाला एकटं झोपू देऊ नका. 'चार लोक काय म्हणतील' हा विचार आपल्या आधी त्याच्याच डोक्यात येऊन बसलेला असतो, आणि धमकी देणाऱ्याचा सगळा धंदा त्याच्यावर चालतो. या प्रकारात मुलांनी काही तासांत जीव दिल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. तेव्हा पहिलं वाक्य "फोन इकडे दे" हे नको. "बरं झालं सांगितलंस, आता हे माझं काम" एवढं म्हणा. मन फार ढासळलेलं वाटलं तर मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला फोन करा : इथे ९८८, तिकडे टेली-मानसचा १४४१६. मुख्य म्हणजे हे सगळं काही घडायच्या आधीच घरात बोलून ठेवा, गाडी चालवताना, डोळ्याला डोळा न भिडवता. लेकरं तशी जास्त बोलतात.

आता एक घोळ, बऱ्याचदा आपणच घातलेला. इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट यांची किमान वयाची अट १३. पोरगं दहाव्या वर्षी हट्टाला पेटलं तेव्हा कुणीतरी जन्मसाल २००५ टाकून दिलं. आज ते १४ वर्षांचं आहे आणि ॲपच्या हिशेबाने मोठा माणूस! मग खातं आपोआप खासगी होत नाही, अनोळखी मेसेज अडत नाहीत, नको तो मजकूर गाळला जात नाही. कंपन्या खोटं वय हुडकायचा प्रयत्न करतात, पण त्यांच्या भरवशावर बसू नका. खात्याच्या सेटिंगमध्ये वैयक्तिक माहितीत जन्मतारीख दिसते. दुरुस्त करताना ओळखपत्र किंवा सेल्फी व्हिडिओ मागू शकतात. तारीख बरोबर झाली की पालकांची देखरेख जोडा. त्यात गेल्या सात दिवसांत मूल कुणाशी बोललं ते दिसतं, काय बोललं ते दिसत नाही. तेवढं पुरे. चोरून मेसेज वाचणारे पालक एकदा पकडले जातात, आणि त्यानंतर दुसरं, गुपचूप काढलेलं खातं जन्माला येतं.

स्नॅपचॅटवर नकाशात मुलाचा ठावठिकाणा मित्रांना दिसू शकतो. तिथे ठिकाण लपवणारा 'घोस्ट मोड' लावा. व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये कुणी घालावं याची सेटिंग 'माझे कॉन्टॅक्ट्स' करा. दोन मिनिटांची कामं आहेत.

कायद्याच्या भरवशावर मात्र किती राहायचं? इथल्या केंद्रीय कायद्यात तेराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात बालक म्हणजे अठराच्या आतलं. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आत बहुतेक मोठ्या ॲपवर खातंच नको असं केलं. तीन देश, तीन वयं. वयाचा हट्ट धरण्यापेक्षा समोरच्या लेकराला किती उमगतं ते बघावं, असं माझं मत.

उन्हाळ्याच्या सुट्टीचं राहिलं. अंबाजोगाईला गेल्यावर काका कौतुकाने पुतणीचे विहिरीवर पोहतानाचे फोटो स्टेटसला लावतात. त्यांच्या यादीत बियाण्याच्या दुकानदारापासून पक्षाच्या कार्यकर्त्यापर्यंत चारशे माणसं असतात. काकांना रागावू नका, पण विमानात बसायच्या आधी फोनवर सांगा : पोरीला विचारल्याशिवाय फोटो नाही, शाळेचं नाव दिसणारा तर नाहीच. गावातल्या भांडणाचा, जातीधर्माचा मजकूर इथल्या मुलांनी गंमत म्हणून पुढे ढकलू नये, हेही त्यांच्या कानावर घाला. त्याचा अर्थ त्यांना कळत नसतो, पण गावात तो शब्दन् शब्द कळतो.

जेवणाच्या रांगेशेजारी दोन टेबलं मांडली आहेत. तिथे आपली कॉलेजातली पोरं-पोरी बसली आहेत. मुलाला बरोबर घेऊन जा. जन्मसाल, खासगी खातं, फॉलोअर्सची यादी, एवढ्या तीनच गोष्टी बघायच्या आहेत, दहा मिनिटं लागतील. फोन लेकराच्याच हातात राहू द्या, बटणं त्यालाच दाबू द्या. आणि हो, तिथेच तुमचा स्वतःचा फोनही काढा. फॅमिली ग्रुप म्यूट कसा करायचा ते त्यांच्याकडूनच शिकून घ्या.