हिवाळ्याचं बिल: आधी घर बघा, मग हीटर

नमस्कार मंडळी. विषय हिवाळ्यात घर गरम ठेवायच्या बिलाचा, हे तुम्हाला माहितीच आहे, नाहीतर एवढ्या थंडीत घर सोडून इथे कोण आलं असतं. मी आज दहा टिप्स वगैरे सांगणार नाहीये, त्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ऑलरेडी येऊन पडल्यात आणि त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या आहेत. मला मुद्दा एकच सांगायचाय, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. हिवाळ्यात आपण पैसे मोजतो ते घरातनं बाहेर निघून गेलेली उष्णता भरून काढायचे. म्हणजे बघा, घर एकदा वीस डिग्रीला आलं आणि त्यातनं काहीच बाहेर गेलं नाही तर हीटर बंद करून टाका, परत लावायची गरजच नाही. पण तसं होत नाही ना, भिंतीतून, काचेतून, छतातून, दाराखालच्या फटीतून ती उष्णता चोवीस तास जातच असते आणि हीटर बिचारा फुटक्या रांजणात पाणी ओतत बसतो. आणि बिल आलं की आपण शिव्या घालतो हीटरला.

आता जातं किती, तर त्याचा हिशोब अगदी सोपा आहे. आत आणि बाहेर तापमानात जेवढा फरक, त्या प्रमाणात उष्णता बाहेर जाते. आत वीस, बाहेर शून्य, फरक वीसचा. तुम्ही थर्मोस्टॅट, म्हणजे घर किती डिग्रीला ठेवायचं ते जिथे लावतो तो, एकोणीसवर आणला तर फरक एकोणीसचा, म्हणजे साधारण ५ टक्के कमी. पण बाहेर दहा डिग्री असेल तर मूळ फरकच दहाचा, मग तीच एक डिग्री १० टक्के वाचवते. म्हणून ते "एक डिग्री कमी करा, इतके टक्के वाचवा" असं जे छापून येतं ना, त्यात कोणी पाच म्हणतं कोणी दहा म्हणतं आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. प्रत्यक्षात अजून थोडं जास्तच वाचतं, कारण घरातली माणसं, फ्रिज, टीव्ही, खिडकीतनं येणारं ऊन हे सगळे फुकटात उष्णता देतच असतात, शांत बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॉटचा हीटर असतो. (हशा) नाही, खरंच. त्यामुळे सगळे एका खोलीत बसले तर ती खोली आपोआप बरी वाटते, त्यात जादू काही नाही.

यातनंच अजून एक गोष्ट निघते. मागच्या वर्षीच्या बिलाशी या वर्षीचं बिल ताडून बघायचं तर पैसे बघू नका, युनिट बघा. दर वाढला म्हणून बिल वाढलं की वापर वाढला म्हणून, हे आधी वेगळं करा, कारण दोन्हीचे उपाय वेगळे आहेत. आणि युनिट वाढलेत म्हणजे लगेच घरात काहीतरी बिघडलंय असंही नाही, तो महिनाच जास्त थंड असू शकतो. यासाठी डिग्री-डे नावाचं एक माप असतं. रोजचं सरासरी तापमान एका ठरावीक आकड्याच्या, समजा अठराच्या, किती खाली गेलं त्याची महिनाभराची बेरीज. तुमच्या युनिटला त्या बेरजेने भागा, मग खरी तुलना होते. तेवढं नको असेल तर निदान एवढं तरी बघा की बिलावरचं रीडिंग खरं घेतलेलंय का अंदाजे टाकलंय, कारण अंदाजे रीडिंगची भरमसाठ बिलं लोक गुपचूप भरतात आणि मग पुढचे दोन महिने कुडकुडत काढतात.

बरं, आता फटी. मला विचाराल तर सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे, आणि सगळ्यात कमी लोक इथेच बघतात. गरम हवा हलकी, ती वर जाते, आणि वरच्या मजल्यावर, माळ्याच्या झाकणापाशी, छताच्या सांध्यात जिथे भोक सापडेल तिथनं निसटते. ती निसटली की तिची जागा घ्यायला खालनं थंड हवा आत ओढली जाते. त्यामुळे पायाशी गार वारा लागतो तेव्हा दोष फक्त खालच्या दाराचा नसतो, वरचं माळ्याचं झाकणही तेवढंच जबाबदार असतं. दाराला पट्टी लावली आणि वरचं झाकण तसंच राहिलं तर हवा दुसरीकडनं आत येईल, ती थांबत नाही.

शोधायचं कसं? वारा असलेल्या थंड दिवशी उदबत्ती पेटवायची आणि बाहेरच्या भिंतींच्या कडेकडेने फिरवायची. खिडकीच्या चौकटीशी, पाइप भिंतीतून जातो तिथे, बाहेरच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डपाशी, जमीन आणि भिंत जोडतात त्या पट्टीपाशी. धूर आडवा झाला की समजायचं इथे भोक आहे. पडदे सांभाळा मात्र, बिल वाचवायला जाऊन आग नको. व्यावसायिक लोक हेच काम दारात मोठा पंखा बसवून करतात, घराच्या आत-बाहेर दाबात ५० पास्कलचा फरक ठेवून किती हवा गळते ते मोजतात, आणि ती टेस्ट कुठे सवलतीत होत असेल तर जरूर करून घ्या, पण उदबत्तीने पण बरंच काम होतं. मग सीलंट, फोमची पट्टी, दाराखालचा ब्रश, एवढंच लागतं. आणि घरात जुनी उघडी शेकोटी असेल, चिमणीवाली, तर तिच्याकडे नीट लक्ष द्या. जळत असताना दिसते छान, पण तिची बहुतेक उष्णता चिमणीतून वर जाते आणि जाताना खोलीतली गरम हवा सोबत घेऊन जाते, आणि विझल्यावर तर ते छताला पाडलेलं भोकच असतं. वापरत नसाल तर तिचं झडप बंद ठेवा.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. फटी बुजवा म्हणजे हवा येण्या-जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेली जाळी बुजवा असं नाही. गॅसवर, लाकडावर, केरोसिनवर काहीही जळत असेल तर त्याला हवा लागते, आणि ती नाही मिळाली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला ना वास ना रंग. गॅसची शेगडी नाहीतर ओव्हन चालू ठेवून खोली गरम करणं, कोळशाची ग्रिल आत आणणं, हे बिल वाचवण्याचे उपाय नव्हेत, याने माणसं मरतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, यात काटकसर नको.

फटींनंतर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा जाड थर. माळा आधी, कारण तिथे काम सोपं, खर्च कमी. भिंती महाग पडतात, त्यांचं नंतर बघा. खिडक्यांचं मात्र लोकांना फार आकर्षण असतं, कारण त्या दिसतात आणि सेल्समनही खिडक्यांचाच येतो. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, दर एक डिग्री फरकाला साधारण ५ ते ६ वॉट बाहेर जातात, आजच्या चांगल्या दुहेरी काचेतून दीडच्या आसपास, तिहेरीतून एकच्या आसपास. फरक मोठा आहे, मान्य. पण खिडक्यांचं क्षेत्रफळ घराच्या मानाने कमी आणि खर्च प्रचंड, त्यामुळे नुसत्या बिलासाठी धडधाकट खिडक्या काढून नव्या बसवल्या तर पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं जातात. खराबच झाल्या असतील तर बदला, तेव्हा चांगल्या घ्या. तोवर जाड पडदे, आणि काचेच्या चौकटीवर ताणून बसवायची ती पारदर्शक फिल्म मिळते, ती. पडदा संध्याकाळ झाली की बंद आणि ऊन असेल तेव्हा उघडा. पडदा रेडिएटरवर, म्हणजे आत गरम पाणी फिरून खोली तापवणाऱ्या पॅनलवर, पडू देऊ नका नाहीतर तुम्ही काच आणि पडद्यामधली जागा गरम करत बसाल.

आणि हो, बऱ्याच जणांची तक्रार असते की थर्मोस्टॅट एकवीस दाखवतोय तरी थंडी वाजते. वाजणारच. अंगाला नुसती हवा कळत नाही, आजूबाजूच्या भिंती-काचा किती गार आहेत तेही कळतं, कारण आपलं अंग त्यांच्याकडे उष्णता फेकत असतं. गार काचेला पाठ करून बसलात तर हवा कितीही गरम करा, पाठ गारच. सोफा आतल्या भिंतीला सरकवा, याला एक पैसा लागत नाही.

आता हीटर. इलेक्ट्रिक हीटर सगळे सारखे. ऑइलवाला, सिरॅमिक, पंख्याचा, भिंतीवरचा काचेचा महागडा, सगळे एका युनिट विजेची एक युनिटच उष्णता देतात, कमी नाही जास्त नाही. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, "कमी विजेत जास्त गरम" हे त्यांच्या बाबतीत खोटं आहे. फरक असतो तो उष्णता कशी मिळते यात, ऑइलवाला हळू तापतो हळू निवतो, इन्फ्रारेड समोर बसलेल्याला थेट लागतो. एका युनिटात जास्त उष्णता देणारं यंत्र एकच, हीट पंप, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतनं उचलून आत आणतो, आणि साधारण एका युनिटमागे तीन युनिट देतो, फार कडाक्याच्या थंडीत कमी. गॅसपेक्षा तो स्वस्त पडेल का हे तुमच्याकडे गॅस आणि विजेच्या दरात किती अंतर आहे त्यावर, भागाकार करून बघा.

गॅस बॉयलरवाल्यांसाठी, म्हणजे गॅसवर पाणी तापवून ते रेडिएटरमध्ये सोडतात त्यांच्यासाठी, एक काम आहे जे घरी पोचल्यावर आज करता येईल. कंडेन्सिंग बॉयलर असेल तर रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान किती ठेवलंय ते बघा, बऱ्याच ठिकाणी ७५-८० असतं. अशा बॉयलरची खरी कमाई धुरातली वाफ थंड होऊन तिची उष्णता परत मिळण्यात आहे, आणि ते व्हायला परत येणारं पाणी साधारण ५५ डिग्रीच्या खाली हवं. ऐंशीचं पाणी पाठवलं तर ते परत येईपर्यंत तेवढं निवतच नाही. साठवर आणून बघा, घर जरा सावकाश तापेल, पण तापेल. गरम पाण्याची साठवण टाकी असेल तर मात्र तिचं तापमान साठच्या खाली नेऊ नका, लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात.

थर्मोस्टॅटबद्दल दोन गैरसमज पटकन उरकतो. तीसवर लावला म्हणून घर लवकर गरम होत नाही, तो फक्त कधी थांबायचं ते सांगतो. आणि "दिवसभर मंद चालू ठेवलेलं स्वस्त पडतं, बंद करून परत तापवायला जास्त लागतं" हे गॅस बॉयलर आणि साध्या इलेक्ट्रिक हीटरच्या बाबतीत चूक आहे, घर जेवढा वेळ गार तेवढा वेळ गळती कमी, साधा हिशोब. हीट पंपाला मात्र सावकाश, एकसारखं चालायला आवडतं, तिथे रात्री फार खाली आणू नका, सकाळी भरपाई करताना तो जास्त वीज खातो.

माणूस गरम ठेवणं घर गरम ठेवण्यापेक्षा फारच स्वस्त. इलेक्ट्रिक ब्लँकेट साधारण १०० वॉटचं, खोलीचा हीटर २००० वॉटचा, वीसपट. १९७७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि लोकांना सांगितलं की दिवसा थर्मोस्टॅट ६५ फॅरनहाइटवर ठेवा, म्हणजे आपले १८ सेल्सिअस, आणि रात्री ५५ वर. लोकांनी त्या स्वेटरची बरीच थट्टा केली. पण दिवसाचा आकडा ठीकच होता, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शनात घरात किमान १८ डिग्री असावेत असंच म्हटलंय, आणि म्हातारी माणसं, तान्ही मुलं, आजारी माणसं असतील तर त्याहून जास्त. म्हणून बिलाच्या भीतीने आजी-आजोबांना चौदा डिग्रीत बसवू नका. गार घरात ओल धरते, बुरशी येते, दमा वाढतो, रक्तदाब वाढतो. कपडे आत वाळवत असाल तर खोलीचं दार लावून, एक्झॉस्ट लावून वाळवा.

काय शक्य आहे हे बघायचं असेल तर जर्मनीत डार्मश्टाटला १९९१ साली पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी थोड्या हीटिंगवर गरम राहणारं घर, उभं राहिलं. त्या पद्धतीत हीटिंगसाठी दर चौरस मीटरला वर्षाला १५ युनिट एवढीच मुभा असते. १०० चौरस मीटरचं घर म्हणजे अख्ख्या वर्षाला १५०० युनिट, तुमचा दोन किलोवॉटचा हीटर रोज पाच तास लावला तर पाच महिन्यांत तेवढेच जातात आणि त्यात एक खोली होते. आपल्या जुन्या घराचं पॅसिव्ह हाउस होणार नाही, पण जाडजूड इन्सुलेशन आणि हवा न गळणं यापलीकडे त्यात गूढ फारसं काही नाही.

प्रश्न आला होता, बिल भरणंच शक्य नसेल तर काय. बिल थकायच्या आधी कंपनीला फोन करा, नंतर नाही. हप्ते, वर्षभर समान रकमेचं बिल, कमी उत्पन्नवाल्यांसाठी मदत, यातलं काही ना काही बऱ्याच ठिकाणी असतं आणि मागितल्याशिवाय कोणी देत नाही. घरात म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर ते आवर्जून सांगा.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, काही आठवडे बाहेरगावी जायचं तर हीटिंग पूर्ण बंद करायचं का. नाही. बाहेर शून्याच्या खाली जाणार असेल तर बारा-तेरावर ठेवा आणि पाण्याचा मेन कॉक बंद करून जा, पाइप गोठून फुटला तर जे नुकसान होईल त्यापुढे वाचलेलं बिल काहीच नाही. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, पाइप बाहेरच्या भिंतीला लागून असतील तर नक्कीच. बाकीच्यांनी बिलं आणली असतील तर इकडे टेबलापाशी या, एकेक बघू.