सराव फसायला हवा

आजचा विषय 'शाळेचा आपत्ती आराखडा : बांधणी आणि अंमलबजावणी' असा जाहीर झालाय. आराखड्याकडे मी येणार आहे. पण एक गोष्ट बरीच वर्षं मनात घोळतेय, आणि शाळा चालवणारी इतकी माणसं एकत्र भेटल्यावर ती आधी मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आपत्तीत शाळा रिकामी करण्याचा जो सराव ठरल्याबरहुकूम बिनचूक पार पडतो, त्यातून शाळेला काहीही कळत नाही. सराव कुठेतरी अडला पाहिजे, फसला पाहिजे, आणि कुठे फसला ते त्याच दिवशी कागदावर आलं पाहिजे.

आधी मला सांगा, आपण सगळे ज्या दारानं आत आलो ते सोडून या सभागृहाचं दुसरं दार कुठे आहे? माहीत असेल त्यांनी हात वर करा. चार हात. त्यातले दोघे माइकची व्यवस्था बघणारे आहेत, ते रोजच इथे असतात! तर ते दार माझ्या डावीकडे, पडद्याच्या मागे आहे. मी आल्या आल्या उघडून पाहिलं, उघडतं.

ही सवय मला एका शाळेतल्या सरावानं लावली. शाळेचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मनानं चांगली होती आणि मी सांगतोय ते फक्त तिथंच घडतं असंही नाही. निरीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. तारीख, वेळ, सगळं आधीच कळवलेलं. घंटा व्हायच्या आधीच मुलं बूट घालून, वह्या मिटून तयार बसलेली, वर्गांची दारं उघडी, जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक शिक्षक. घंटा झाली आणि चार मिनिटांच्या आत सगळी शाळा मैदानावर रांगेत उभी. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मुख्याध्यापकांनी घड्याळ दाखवून मला वेळ सांगितली, आणि त्यांचा आनंद अगदी खरा होता.

मी वर गेलो. वर्ग सोडताना दारं ओढून घेतली आहेत का, एवढंच बघायचं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या वर्गात चाकाच्या खुर्चीत एक मुलगा बसलेला. सातवीतला असेल. खिडकीतून मैदानाकडे बघत होता. मी विचारलं, "तू खाली नाही गेलास?" तो म्हणाला, "बाई म्हणाल्या, आज नुसता सराव आहे, तू इथेच थांब."

खाली येऊन मी त्या वर्गाची हजेरी मागितली. त्याच्या नावासमोर 'हजर' अशी खूण होती. म्हणजे कागदावर तो मैदानात पोचला होता. बाईंना विचारलं तर त्या कळवळून म्हणाल्या, "सर, उगाच वर-खाली करताना त्याला त्रास नको म्हणून." त्यांच्या मनात मायाच होती. पण त्या पोरानं त्या दिवशी काय शिकावं? घंटा झाली की सगळे निघून जातात आणि आपण थांबायचं, हेच ना? आणि त्याला उचलून न्यायला किती माणसं लागतात, त्यातलं एक माणूस रजेवर असेल तर काय, जिन्याच्या वळणावर खुर्ची फिरते की नाही, यातलं शाळेला काही कळलं? सरावात हाच एक प्रश्न खरा अवघड होता, आणि तोच वगळला म्हणून वेळ चार मिनिटांच्या आत आली.

मी म्हटलं, हे अहवालात लिहा. उत्तर मिळालं, "सर, फाइलमध्ये वाईट दिसेल." अहवालात 'सराव यशस्वी' एवढंच गेलं. माझी तक्रार आहे ती या एका वाक्याबद्दल, त्या बाईंबद्दल मुळीच नाही. अहवालात उणीव दिसली की वरून खुलासा मागवतात, आणि उणीव दिसली नाही की शाबासकी देतात. मग कोणता मुख्याध्यापक उणीव लिहील? इथे शिक्षण खात्यातले काही अधिकारी बसले आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की ज्या अहवालात एकही उणीव नाही, तो परत पाठवा.

शिकागोमध्ये 1 डिसेंबर 1958 रोजी एका शाळेला आग लागली. 92 मुलं आणि 3 नन शिक्षिका गेल्या. काही आठवड्यांपूर्वीच त्या इमारतीची अग्नितपासणी झालेली होती, आणि इमारत तपासणीत उतरलेली होती. आग लागली तळघरातल्या जिन्यापाशी. खालच्या मजल्यावर जिना आणि व्हरांड्यामध्ये दार होतं, ते बंद होतं, त्यामुळे तिथली मुलं सुटली. वरच्या मजल्यावर तसं दार नव्हतं. धूर सरळ व्हरांड्यात शिरला आणि वर्गाबाहेर पडायची वाटच बंद झाली. मुलं खिडक्यांत अडकली. म्हणून मी म्हणतो, दर सरावात एक जिना मुद्दाम बंद करा. एका शिक्षकाला तिथे 'धूर आहे' अशी पाटी घेऊन उभं करा आणि पुढे काय होतं ते बघा. पहिल्यांदा गोंधळ होईल. तो गोंधळ बघायलाच तर आपण सराव करतो.

दारांवरून आठवलं, हे थोडं विषयांतर आहे, पण सांगतोच. इंग्लंडमधल्या सुंदरलँडला 1883 साली व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा कार्यक्रम होता. शेवटी बक्षिसं वाटणार असं कळल्यावर सज्जातली मुलं जिन्यानं खाली धावली. खालचं दार आतल्या बाजूला उघडणारं, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून बोल्ट लावलेलं. 183 मुलं चेंगरून मेली. आग नाही, भूकंप नाही, नुसतं एक दार. नुसत्या अंगाच्या रेट्यानं उघडणारी आडवी दांडी आज मोठ्या इमारतींच्या दारांवर दिसते, तिचं पेटंट रॉबर्ट ब्रिग्ज या माणसानं 1892 मध्ये घेतलं ते याच दुर्घटनेनंतर. शाळेत परतल्यावर बाहेर पडायचं प्रत्येक दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघा, आणि मागच्या दाराची किल्ली कुणाच्या खिशात असते ते विचारा.

आता जपान. 11 मार्च 2011. इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेत भूकंपानंतर मुलांना मैदानात आणलं. शिस्तीत, रांगेत. त्सुनामी यायला साधारण 50 मिनिटं होती आणि शाळेच्या मागेच टेकडी होती. पण शाळेच्या आराखड्यात कुठे जायचं याबद्दल 'जवळची मोकळी जागा किंवा उद्यान' इतकंच मोघम लिहिलेलं. कोणती जागा, हे ठरवण्यातच वेळ गेला. 108 मुलांपैकी 74 मुलं आणि 10 शिक्षक गेले. पालक कोर्टात गेले. सेंदाई उच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलं की दोष नुसता त्या दुपारचा नाही, आधी तयारी केली नाही हाही आहे. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात तो निकाल कायम झाला.

त्याच दिवशी त्याच किनाऱ्यावर कामाइशीतल्या उनोसुमाई भागातल्या माध्यमिक शाळेतली मुलं ठरलेल्या जागी पोचली आणि तिथे थांबली नाहीत. मागची दरड ढासळताना दिसली म्हणून आणखी वर गेली, तिथूनही पुढे गेली. मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले होते. मोठी मुलं पळताना दिसली म्हणून शेजारच्या प्राथमिक शाळेतली, वरच्या मजल्यावर नेलेली मुलं खाली उतरून त्यांच्यामागे निघाली. दोन्ही शाळांच्या इमारती पुढे पाण्यात गेल्या. प्राध्यापक तोशिताका काताडा यांनी तिथे अनेक वर्षं मुलांना शिकवलं होतं की गृहीत धरलेल्यावर विसंबू नका, त्या क्षणी जमेल तेवढं सगळं करा, आणि पळायला सुरुवात आपण करा. ओकावाची मुलं बेशिस्त होती का? नाही. त्यांना घेऊन कुठे जायचं, हे मोठ्यांनी ठरवून ठेवलं नव्हतं.

चिठ्ठी आलीय, आणि जाहीर झालेला विषय अजून तसाच आहे. भरभर सांगतो.

आराखडा दोन पानांत बसला पाहिजे, नाहीतर कोणी वाचत नाही. प्रत्येक कामाला एक माणूस आणि त्याच्या गैरहजेरीत करणारा दुसरा माणूस. मेन स्विच कोण बंद करणार, गॅसचा कॉक कोण, स्वच्छतागृहं कोण तपासणार. हजेरीपट शिक्षकाबरोबर बाहेर जाईल आणि खाली डोकी मोजूनच खूण होईल. वर्ग रिकामा झाला की दार ओढून घ्या, पण कुलूप नको.

आग आणि भूकंप यांना एकच घंटा ठेवू नका, कारण करायचं ते उलट आहे. आगीत लगेच निघायचं, धूर असेल तर वाकून किंवा रांगत, कारण गरम धूर वर जातो. भूकंपात हादरे चालू असताना पळायचंच नाही, बाकाखाली जाऊन डोकं झाकायचं, बाकाचा पाय धरायचा, आणि हादरे थांबल्यावर बाहेर पडायचं.

सराव मधल्या सुट्टीत करा, शाळा सुटताना करा, मुख्याध्यापक नसताना करा, आणि आधी न सांगता करा. पण आधी न सांगता म्हणजे पोरांना घाबरवून नव्हे. खोट्या किंकाळ्या आणि धुराचे डबे लहान मुलांपुढे नकोत. सराव कसा असतो हे त्यांना शांतपणे आधी समजावलेलं असावं, वेळ तेवढी ठाऊक नसावी. चालता न येणाऱ्या मुलाचा वर्ग शक्यतो तळमजल्यावर आणा, आणि तरीही सरावात त्याला बाहेर काढा. कसं काढायचं ते त्यालाच विचारा, त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आणि सराव भिंत धरून ठेवत नाही. चीनमध्ये 2008 च्या वेंचुआन भूकंपात सांगझाओच्या शाळेतली दोन हजारांवर मुलं 1 मिनिट 36 सेकंदांत मैदानात आली आणि सगळी वाचली. ये झिपिंग या मुख्याध्यापकांनी दर सत्रात सराव घेतला होता, पण त्याआधी कच्ची इमारत मजबूतही करून घेतली होती. दोन्ही लागतं.

एक राहिलं, पालक. बातमी कळताच ते फाटकावर धावणार, आणि तिथेच बंब अडकणार. मुलं कुठून आणि कोणाच्या ताब्यात द्यायची, ते ठिकाण फाटकापासून लांब ठरवा, वर्षाच्या सुरुवातीला लेखी कळवा, आणि एका सरावात पालकांनाही बोलवा. बाकीचं प्रश्नोत्तरांत घेऊ.