कालवाच्या डिंभाचे जेवण

बडोद्याला समुद्रकिनारा नाही. पण शहरातून वाहणारी विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ढाढरचे पाणी खंभातच्या आखातात जाते. त्या खाऱ्या पाण्यात कोण जगते आणि कसे जगते, हे बडोदेकरांना परके वाटू नये. आज सूक्ष्मदर्शकाखाली आपण कालवाचे, म्हणजे ऑयस्टर या शिंपल्याचे, डिंभ (अंड्यातून निघालेली, पूर्ण वाढ न झालेली पिल्ले) पाहत आहोत.

पहिल्या दिवशी हा जीव काहीच खात नाही. अंड्यातल्या बलकावर त्याचे भागते. साधारण एका दिवसात त्याला इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे पारदर्शक, दुहेरी कवच येते. तेव्हा त्याची लांबी सुमारे ७५ मायक्रॉन असते, म्हणजे असे १३ डिंभ ओळीने ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल.

कवचाच्या फटीतून बाहेर आलेली ही चकती पाहा. तिला व्हेलम म्हणतात. तिच्या कडेच्या लांब रोमिका, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म हलते तंतू, सतत फटकारत असतात आणि त्यांच्याखालची आखूड रोमिकांची रांग उलट दिशेने चालते. दोन्ही रांगांमधल्या खोबणीत आलेले शैवालाचे कण तोंडाकडे सरकत जातात. ज्या रोमिकांनी डिंभ पोहतो, त्यांनीच तो अन्नही मिळवतो. धोका जाणवून त्याने व्हेलम आत ओढले आणि कवच मिटले, की तो बुडू लागतो व त्याचे खाणेही त्याच क्षणी थांबते. त्याच्या शरीररचनेत मला हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

तोंडापाशी आलेला प्रत्येक कण गिळला जातोच असे नाही. नकोसे कण बाहेर टाकले जातात. मात्र पाण्यात गाळ फार वाढला, तर ही निवड पुरी पडत नाही आणि वाढ खुंटते.

या डिंभांना आयसोक्रायसिस हे सुमारे ५ मायक्रॉनचे सोनेरी-तपकिरी शैवाल खाऊ घातले आहे. जठरालगतच्या पिशवीतल्या रोमिका एक पारदर्शक, लिबलिबीत दांडा अखंड फिरवत असतात. ताक घुसळणाऱ्या रवीप्रमाणे तो अन्न ढवळतो. त्याचे टोक जठरातल्या टणक ढालीवर घासून झिजते आणि त्यातून पाचक विकरे सुटतात. बारीक झालेले कण पाचक ग्रंथीच्या पेशी आत ओढून घेतात आणि उरलेले पचन तिथे, पेशींच्या आतच होते. कवचाआडून दिसणारा हा तपकिरी रंग त्याच ग्रंथीत पोहोचलेल्या शैवालाचा आहे.

दोन-तीन आठवड्यांनी डिंभ तळाला चिकटतो आणि व्हेलम नाहीसे होते, पण कल्ले अजून अन्न गाळण्याजोगे झालेले नसतात. या उपासात आधी साठवलेली चरबीच कामी येते. म्हणूनच कालवांची पैदास करणारे लोक या टप्प्याआधी डिंभांना भरपूर शैवाल मिळेल, याची काळजी घेतात.